मनूच्या बाईंच्या तक्रारीवरून

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

मनू वर्गात जागेवर बसत नाही, मध्येच बोलते, म्हणून बाईंनी तुम्हाला बोलावून घेतल्याचं तू फोनवर सांगितलंस. तुझा आवाज पडलेला होता. मी सध्या 'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक वाचतेय, म्हणून हे सविस्तर लिहिते.

तेत्सुको कुरोयानागी यांनी १९८१ साली लिहिलेली ही त्यांच्या स्वतःच्या शाळेची हकिगत. पहिलीतच त्यांना शाळेतून काढून टाकलं होतं. कारण काय, तर डेस्कचं झाकण सारखं उघडायचं-मिटायचं आणि खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारायच्या! मग आईनं या छोट्या तेत्सुकोला, म्हणजे तोत्तोचानला, टोकियोतल्या तोमोए शाळेत नेलं. तिथले वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत. मुलं वाचतील तेव्हा त्या डब्यांवर खूश होतील. माझं लक्ष मात्र सारखं मोठ्या माणसांकडे जात होतं.

मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी या पोरीचं चार तास ऐकून घेतात. कुत्रा, चिमणपाखरांचं घरटं, वाहणारं नाक, सगळं. एकदा तिची लाडकी पर्स संडासात पडते. ती लांब दांड्याचा डाव घेऊन मैल्याची टाकी उपसायला लागते, बाजूला ढीग जमतो. कोबायाशी तिथून जातात, काय चाललंय विचारतात आणि पुढे होतात. परत येतात तेव्हा एवढंच म्हणतात, झालं की सगळं परत आत टाकशील ना? पर्स काही सापडत नाही, पण पोरगी सगळं आत टाकते, अगदी भिजलेली मातीसुद्धा. हे प्रकरण मी लागोपाठ दोनदा वाचलं. ओरडायला इतकं सबळ कारण असताना तो माणूस ओरडला नाही, सुहास!

आणि तिची आई. शाळेनं काढून टाकलं हे तिनं मुलीला कळूच दिलं नाही. थेट विसाव्या वर्षानंतर सांगितलं. नव्या शाळेत जायचंय, एवढंच त्या लहान जिवाला माहीत होतं. ही चार तास बोलणारी मुलगी पुढे जपानी टीव्हीवर इतरांना बोलतं करणारी नामांकित मुलाखतकार झाली.

१९४५च्या बॉम्बहल्ल्यात तोमोए जळाली. तशी शाळा आता कुठून आणायची, हे मलाही कळतं. बाईंच्या वर्गात मुलं खूप असतील, त्यांना दोष देत नाही. पण बाई काय म्हणाल्या, ते मनूसमोर बोलू नका. नातेवाइकांना फोनवर सांगतानाही नाही. ती पलीकडच्या खोलीत असली तरी ऐकते. आणि रात्री अर्धा तास तिला बोलू दे. फोन लांब ठेवून.

पुस्तक आज कुरिअरनं पाठवलंय. मनूच्या आईनं, म्हणजे स्नेहानं, आधी वाचावं असं मला वाटतं. तोत्तोचानचा वर्गमित्र यासुआकी वारतो, ते प्रकरण मनूला आत्ताच वाचून दाखवू नका, ती रडेल. त्या शाळेत मुलांनी जेवणाच्या डब्यात 'थोडं समुद्रातलं, थोडं डोंगरावरचं' आणायचं, तिथून सुरू करा.

तुझी,
आई