पहिल्या आठवड्यातली बाळं

प्रिय सखी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला बसले की दोन ओळींवर हात थांबायचा. तुझ्या आईच्या जुन्या कागदांत तुला तो चिठोरा सापडला, त्यावर एक तारीख आणि खाली तीनच दिवसांनंतरची दुसरी. मग मावशीला विचारल्यावर कळलं, की तुझ्या आधी एक मुलगी झाली होती. घरात इतकी वर्षं कुणी तिचा उल्लेखही केला नाही. आणि पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "तू जन्मभर जन्म आणि मृत्यूच मोजलेस ना? मग सांग, ती कुठे मोजली गेली असेल का?"

माझ्या कामाबद्दल लोक मला खूप काही विचारत आले. लोकसंख्या किती वाढणार, हा तर ठरलेला प्रश्न. तुझा प्रश्न मात्र कुणीच विचारला नव्हता, आणि माझं सगळं काम खरं तर त्याच्याभोवतीच फिरत आलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. बहुधा नाही. तीन दिवसांचं बाळ जातं तेव्हा जन्माची नोंद करायला कुणी गेलेलं नसतं, मग मृत्यूची करायला कोण जाणार? दोन्ही नोंदी एकदमच राहतात. जनगणना त्या त्या वेळी हयात असलेल्यांची शिरगणती करते. दोन जनगणनांच्या मधे येऊन गेलेलं माणूस तिला दिसत नाही. असं बाळ होऊन गेलं हे नक्की माहीत असलेली एकच व्यक्ती उरते, त्याची आई. आणि तिला विचारावं, हे आमच्या लोकसंख्याशास्त्राला फार उशिरा सुचलं.

सुरुवात तशी जुनी आहे. १६६२ मध्ये लंडनच्या जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने शहराच्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या जमवून त्यांतून निष्कर्ष काढले. त्या याद्यांत मृताचं वय नसायचं, फक्त कारण असायचं, आणि ते कारण प्रेत पाहून सांगायचं काम नेमलेल्या म्हाताऱ्या बायकांकडे असे. ग्राँटने लहानपणीच्या आजारांची नावं निवडून अंदाज बांधला, की १०० जन्मांपैकी ३६ मुलं सहा वर्षांची होण्याआधीच जातात. मला त्या गणितापेक्षा त्या निनावी बायकांचा विचार जास्त येतो. घराघरांत जाऊन बघणारं कुणीतरी असल्याशिवाय आमच्या हाती काहीच लागत नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

पुढची तीनशे वर्षं शास्त्र वाढलं ते जिथे नोंदी होत्या तिथे. जिथे नव्हत्या तिथली वाट विल्यम ब्रास या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञाने दाखवली, तीही आफ्रिकेतल्या अपुऱ्या आकडेवारीवर काम करताना. बाईला दोन प्रश्न विचारायचे: तुम्हाला एकूण किती मुलं झाली? त्यांतली किती हयात आहेत? उत्तरं आईच्या वयोगटाप्रमाणे लावली, की २० ते २४ वर्षांच्या आयांच्या गेलेल्या मुलांच्या प्रमाणावरून साधारण दोन वर्षांच्या आत मरण येण्याची शक्यता काढता येते, कारण त्यांची मुलंही लहानच असतात. २५ ते २९ च्या गटावरून तीन वर्षांपर्यंतची, ३० ते ३४ च्या गटावरून पाच वर्षांपर्यंतची. हे पहिल्यांदा शिकले त्या रात्री मला झोप आली नव्हती. नोंदवही नाही, दवाखान्याचे कागद नाहीत, फक्त आईची आठवण, आणि त्यातून अख्ख्या देशातलं बालमृत्यूचं प्रमाण समोर उभं राहतं.

पण आठवण सांगणं सोपं नसतं गं. तुझ्या आईने कधी सांगितलं?

याच ठिकाणी मी माझ्या नोकरीतली सगळ्यांत मोठी चूक केली. दुसऱ्याच वर्षी एका सर्वेक्षणाच्या माहितीवरून अहवालाचा मसुदा लिहायला मला दिला. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू बरेच कमी दिसत होते, आणि मी मोठ्या आनंदाने 'लक्षणीय सुधारणा' असे शब्द लिहिले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी मसुदा वाचला आणि एकच कोष्टक मागितलं: हे मृत्यू कितव्या दिवशी झाले? पहिल्या महिन्यात जाणाऱ्या बाळांपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. आमच्या कोष्टकात तो वाटा निम्म्यालाही पोचत नव्हता. बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "पहिल्या आठवड्यातली बाळं कुठे गेली?" एवढंच म्हणाल्या.

ती कुठेही गेली नव्हती. आम्ही त्यांच्याबद्दल नीट विचारलंच नव्हतं. निवडक घरांत फेरमुलाखती झाल्या तेव्हा मीही बरोबर गेले. प्रश्नावलीत प्रश्न होता: जिवंत जन्मलेलं पण नंतर गेलेलं एखादं मूल आहे का? बाई 'नाही' म्हणाली तर लगेच पुढचं विचारायचं: एखादं बाळ, जे रडलं, हललं, श्वास घ्यायची धडपड केली, अगदी थोडा वेळ का होईना? हे दुसरं वाक्य आमच्या मुलाखती घेणाऱ्या मुली भराभर म्हणून टाकत होत्या, काही तर गाळतच होत्या. दिवसाला ठरावीक मुलाखती पुऱ्या करायच्या असायच्या, घरातली माणसं भोवती बसलेली असायची, आणि समोरच्या बाईला असं विचारणं त्यांच्या जिवावर यायचं. मी त्यांना दोष देत नाही. ते वाक्य कसं विचारायचं हे मी त्यांना शिकवायला हवं होतं. एका घरात मी ते सावकाश विचारलं आणि गप्प बसून राहिले. बराच वेळ गेला. मग ती बाई म्हणाली, "रडली होती एकदा. पण ती धरायची असते का?"

धरायची असते. एकदा श्वास घेतला, हृदय धडधडलं, हातपाय हलले, तर तो जिवंत जन्म, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या मला पाठच होती. पण तिचा अर्थ मला त्या बाईने शिकवला. 'लक्षणीय सुधारणा' मी खोडलं. त्यानंतर कुठल्याही सर्वेक्षणाची माहिती हाती आली, की मी सगळ्यांत आधी तेच कोष्टक काढते.

आकड्यांत माणसांच्या सवयी कशा उतरतात हेही तेव्हापासून दिसायला लागलं. वय विचारलं की उत्तरं शेवटी शून्य किंवा पाच असलेल्या आकड्यांवर येऊन साचतात. अकरा किंवा तेरा महिन्यांचं मूल गेलं तरी आई 'वर्षाचं होतं' म्हणते, आणि काही मृत्यू अर्भकांच्या, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळांच्या, रकान्यातून निसटतात. गेल्या पाच वर्षांतल्या मुलांबद्दल लांबलचक प्रश्न असले, तर दमलेला मुलाखतकार एखाद्या बाळाची जन्मतारीख हळूच सहा वर्षांमागे नेतो. हे सगळं ओळखायच्या रीती आहेत, त्यांनी तुला कंटाळा आणणार नाही.

आता तू जे विचारलं नाहीस पण मला सांगावंसं वाटतं, ते. चिठोऱ्यावरची दुसरी तारीख आणि तुझी जन्मतारीख यांत तेरा महिन्यांचं अंतर आहे. हा योगायोग नसावा. अंगावर दूध पाजत असताना पाळी परत यायला उशीर लागतो, बरेच महिने पाजलं तर वर्ष, कधी त्याहून जास्त. बाळ गेलं की दूध थांबतं आणि साधारण दीड-दोन महिन्यांत शरीर पुन्हा गर्भधारणेला तयार होतं. जॉन बोंगार्ट्स यांनी १९७८ मध्ये जननदर ठरवणारे मोजके जवळचे घटक वेगळे करून दाखवले. लग्न, गर्भनिरोधन, गर्भपात, आणि चौथा हाच, बाळंतपणानंतरचा पाळी नसलेला काळ. मी कित्येक वर्षं जन्म एका प्रकरणात आणि मृत्यू दुसऱ्या प्रकरणात लिहीत आले, पण बाईच्या शरीरात ती दोन प्रकरणं नसतातच. ती मुलगी जगली असती तर तू त्या दिवशी जन्मली नसतीस. आणि आधीचं बाळ गेलेलं, त्यावर दोन वर्षांच्या आत पुढचं, म्हणजे तू आमच्या भाषेत जास्त धोक्याच्या गटातलं बाळ होतीस. तुझ्या आईने तुला कशी जपली असेल, याचा विचार मी गेले तीन आठवडे करते आहे.

हे आम्हाला कळलं ते वर्षानुवर्षं त्याच घरी परत जाणाऱ्या बायकांमुळे. बांगलादेशातल्या मतलब इथे १९६६ पासून प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर टिपून ठेवलं जातं. तिथली माहिती मी अभ्यासली तेव्हा १९७४-७५ च्या दुष्काळाच्या पानांवर आधी मृत्यू चढलेले दिसले, आणि त्यामागोमाग जन्म उतरलेले. भुकेने आधी जगणाऱ्यांना गाठलं, मग जन्मणाऱ्यांना.

लोक अजून मला म्हणतात, पूर्वी आयुर्मान तीस-चाळीस होतं म्हणजे माणसं चाळिशीतच म्हातारी होऊन मरत. तसं नव्हतं. दहा मुलांपैकी तीन जन्मताच गेली आणि उरलेली सात साठ वर्षं जगली, तर सरासरी येते ४२. बेचाळिसाव्या वर्षी मात्र त्यांतलं कुणीच मरत नाही. त्या सरासरीत तुझ्या बहिणीसारखीच बाळं दडलेली असतात.

ती कमी होत गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी कोष्टकाकोष्टकांतून पाहिलं, आणि याहून मोठा आनंद मला माझ्या कामाने दिला नाही. जगात १९९० मध्ये दर १,००० जन्मांमागे ९३ मुलं पाच वर्षांच्या आत जात होती. २०२२ मध्ये ३७. लस, क्षारसंजीवनी, स्वच्छ पाणी, शिकलेल्या आया. पण २०२२ मध्ये गेलेल्या ४९ लाखांपैकी सुमारे २३ लाख बाळं पहिल्या महिन्यातलीच होती. थोडं मोठं झालेलं मूल वाचवायला आपण शिकलो, पहिल्या आठवड्यातलं वाचवायला अजून पुरते शिकलेलो नाही. आणि नेमकं तेच सांगायला सगळ्यांत अवघड. १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत ही विचारपूस करणारा लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा मोठा कार्यक्रम अमेरिकेच्या पैशावर चालत होता. २०२५ च्या सुरुवातीला तो पैसा बंद झाला तेव्हा मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. न विचारलेल्या वर्षांची माहिती नंतर पुरती भरून निघत नाही. आया विसरत नाहीत, पण आयाही जातात. तुझी गेली, तसं.

तिचं नाव काय ठेवलं असेल, असंही तू विचारलं आहेस. बहुधा ठेवलंच नसेल. आमच्या प्रश्नावलीत त्याचीही सोय आहे: नाव नसेल तर त्या जागी 'बाळ' लिहायचं. ओळ मोकळी सोडायची नाही. आणि मरण महिन्याच्या आतलं असेल तर वय दिवसांत लिहायचं.

काही प्रश्नावल्यांत आणखी एक यादी असते. ती भावंडं सांगतात: तुमच्या आईला झालेली सगळी मुलं, हयात असोत वा नसोत, थोरल्यापासून. तुझ्या दारी आता कुणी ती घेऊन येणार नाही, कारण पन्नाशीच्या पुढच्यांना सहसा विचारत नाहीत. म्हणून मीच विचारते. परवा मी एक जुना कोरा नमुना काढून त्यावर लिहायला घेतलं. पहिली ओळ: बाळ, मुलगी, हयात नाही, तीन दिवस. दुसरी ओळ तुझी. तुझ्यामागे कोण कोण, ते मला माहीत आहे, पण तू सांगितल्याशिवाय भरणार नाही. त्या चिठोऱ्यावरच्या दोन्ही तारखा वर्षासकट लिहून पाठव.

तुझीच