सुप्त म्हणजे झोपलेले, दडलेले नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निवडणुका जवळ आल्या की बातम्यांत ‘सुप्त लाट’ येते. राजकीय विश्लेषणात कुणाचा ना कुणाचा ‘सुप्त हेतू’ असतो. आरोग्याच्या पानावर मात्र, जिथे ‘सुप्त’ हाच शब्द हवा, तिथे ‘छुपा क्षयरोग’ छापून येतो. तिन्ही ठिकाणी शब्द चुकला आहे आणि मुळाशी कारण एकच आहे. इंग्रजीतले ‘लेटंट’ आणि ‘डॉर्मंट’ हे दोन वेगळे शब्द आपण भाषांतर करताना एकाच दावणीला बांधले. ‘लेटंट’ लॅटिनमधल्या ‘लातेरे’ या क्रियापदावरून आला, अर्थ दडून असणे. ‘डॉर्मंट’ आला ‘दोर्मिरे’वरून, अर्थ झोपणे. दडलेला माणूस टक्क जागा असू शकतो आणि झोपलेला चारचौघांत, उजेडात पडलेला असू शकतो.

‘सुप्त’ हा झोपेचाच शब्द. ‘स्वप्’ धातूला ‘क्त’ प्रत्यय लागताना ‘व’चा ‘उ’ होतो; ‘वच्’चे ‘उक्त’ होते, तसेच. व्याकरणात याला संप्रसारण म्हणतात. ‘स्वप्न’ आणि ‘सुषुप्ती’ याच धातूची लेकरे, आणि ग्रीक ‘हिप्नोस’ व लॅटिन ‘सोम्नुस’ हे झोपेचे शब्दही याच कुळातले. ‘सुस्त’ मात्र फारसीतून आलेला आहे. कानाला जवळचा वाटला तरी ‘सुप्त’शी त्याचे नाते नाही.

‘गुप्त’चे घर निराळे. ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणे. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने राखलेला. त्यात लपण्याचा संबंध नाही. राखायचे म्हणून झाकायचे, या वाटेने ‘गुप्त’ला पुढे आजचा अर्थ आला. म्हणून या शब्दामागे राखणारा कुणीतरी असावा लागतो. गुप्तधन कुणीतरी पुरलेले असते, गुप्त मतदानाची गुप्तता नियमाने राखलेली असते. ‘सुप्त’ला असा राखणदार लागत नाही. ज्या हेतूवर माणूस जाणूनबुजून पांघरूण घालतो, तो सुप्त कसा? त्याला मराठीत ‘अंतस्थ हेतू’ हा नेमका शब्द आहे. साधे ‘छुपा हेतू’ म्हटले तरी भागते.

‘सुप्त’ची सर्वांत काटेकोर व्याख्या पतंजलींच्या योगसूत्रांत सापडते. दुसऱ्या पादाच्या चौथ्या सूत्रात क्लेशांच्या, म्हणजे मनाला पिडणाऱ्या विकारांच्या, चार अवस्था दिल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. या सूत्रांवरचे व्यासभाष्य सांगते, की प्रसुप्त क्लेश चित्तात केवळ शक्तिरूपाने, बीजरूपाने असतो आणि त्याचा विषय समोर आला की जागा होतो. ज्याचे बीज भाजून निघाले आहे, त्याच्यापुढे विषय आला तरी तो उगवत नाही. म्हणजे भाजलेल्या बीला सुप्त म्हणता येत नाही. विच्छिन्न अवस्था आणखी वेगळी. एक वृत्ती वर आलेली असताना दुसरी तेवढ्यापुरती दबते. प्रेम उसळलेले असताना राग दिसत नाही, पण तो गेलेलाही नसतो. दडपून ठेवलेल्या असंतोषाला आपण सर्रास ‘सुप्त असंतोष’ म्हणतो. भाष्याचा निकष लावला तर तो विच्छिन्न, साध्या मराठीत दबलेला असंतोष आहे. तो लोकांच्या मनात रात्रंदिवस जागा असतो.

यावरून शब्द वापरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न मिळतात. वस्तूत जीव किंवा सामर्थ्य शिल्लक आहे का? तिचे काम आत्ता थांबलेले आहे का? आणि ती कशाने जागी होईल? तिन्हींची उत्तरे देता आली तरच ‘सुप्त’ लिहावे.

बियाण्याच्या बाबतीत हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. पेरलेले बी उगवले नाही, तर ते मेलेले असेल किंवा सुप्तावस्थेत असेल. वरून दोन्ही सारखीच दिसतात. प्रयोगशाळेत बी पाण्यात भिजवतात, अंकुर मधोमध चिरला जाईल असे कापतात आणि टेट्राझोलियमच्या रंगहीन द्रावणात अंधारात काही तास ठेवतात. जिवंत पेशींचा श्वास चालू असतो, त्या प्रक्रियेत द्रावणाचे लाल रंगद्रव्य बनते आणि अंकुर लाल होतो. मेलेला भाग पांढराच राहतो. अंकुर लाल, पण पाणी, हवा आणि ऊब मिळूनही बी उगवत नाही, तेव्हा ते खऱ्या अर्थाने सुप्त. कणगीतले कोरडे धान्य या अर्थाने सुप्त असेलच असे नाही. बहुतेक वेळा ते फक्त पाण्याची वाट पाहत असते. भुईमुगाच्या उपट्या जातींत ही सुप्तावस्था जवळजवळ नसते. काढणी लांबली आणि पाऊस आला की शेंगेतले दाणे जमिनीतच मोड धरतात. पसऱ्या जातींचे ताजे दाणे त्याच पावसात बहुधा तसेच राहतात, कारण काढणीनंतर काही आठवडे त्यांची झोप मोडत नाही.

क्षयरोगात तर शब्दाची चूक माणसाला भोवते. जंतू शरीरात जिवंत, पण प्रतिकारशक्तीने थोपवलेले. लक्षणे नाहीत आणि दुसऱ्याला लागणही होत नाही. अशांपैकी ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. प्रतिकारशक्ती खालावली तर हा धोका वाढतो. जीव आहे, काम थांबले आहे, जागे होण्याचे कारण ठाऊक आहे. म्हणून हा ‘सुप्त क्षयसंसर्ग’. ‘छुपा क्षयरोग’ लिहिल्याने दोन चुका होतात: जो अजून आजारी नाही त्याला रोगी ठरवले जाते, आणि तो काहीतरी लपवतो आहे असा संशय वाचकाच्या मनात राहतो. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत अनेक वर्षे राहून नागीण होऊन उठतो, तोही सुप्तच. व्हायवॅक्स हिवतापाचा परजीवी यकृतात झोपून राहतो आणि ताप पुन्हा आणतो. त्या अवस्थेला ‘हिप्नोझोइट’ म्हणतात, म्हणजे आपल्या ‘सुप्त’चाच ग्रीक भाऊबंद. मात्र लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला ‘सुप्त काळ’ म्हणणे फसवे आहे. त्या दिवसांत जंतू झपाट्याने वाढत असतात.

भौतिकशास्त्रात मराठीने हा पेच चांगला सोडवला आहे. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होताना सुमारे ८० कॅलरी उष्णता घेतो, आणि शंभर अंशाचे एक ग्रॅम पाणी त्याच तापमानाची वाफ होताना सुमारे ५४०. तापमापीचा पारा जागचा हलत नाही. पण ही उष्णता झोपलेली नाही. रेणूंची बांधणी सोडवण्यात ती खर्ची पडते. तिला कुणी लपवलेलेही नाही. हिंदीतल्या ‘गुप्त ऊष्मा’पेक्षा आणि जुन्या ‘सुप्त उष्णते’पेक्षा आपल्या शालेय पुस्तकांतला ‘अप्रकट उष्मा’ म्हणूनच सरस आहे. गुन्ह्याच्या बातमीतले डोळ्यांना न दिसणारे बोटांचे ठसेही ‘अप्रकट’. कागदावर निनहायड्रिन लावले की घामातल्या अमिनो आम्लांमुळे ते जांभळे उमटतात. ठसा आधीपासून पुरा असतो, उणीव फक्त दिसण्याची.

आता पहिल्या ‘सुप्त लाटे’कडे. लाट वाहत असते, लोकांनी मनाशी ठरवलेले असते, फक्त सभांच्या गर्दीत किंवा पाहण्यांच्या आकड्यांत ते दिसत नाही. तिला ‘अंतःप्रवाह’ म्हणावे. थोडक्यात हवे असेल तर ‘न दिसलेली लाट’ हा मथळाही दोन-तीन शब्दांत बसतो. ‘सुप्त गुण’ मात्र खुशाल छापत राहा, तिथे शब्द अगदी जागेवर आहे.

आपला,
भाषेचा एक अभ्यासक