पोटगी ठरते, मिळत नाही

मुलांच्या पोटगीची रक्कम कशी ठरते, हे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. तो भाग नीट उतरला आहे; पण खरी अडचण आदेश हातात पडल्यावर सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितले. थकबाकीसाठी मात्र मुलाला सांभाळणाऱ्यालाच, म्हणजे बहुधा आईलाच, पुन्हा अर्ज करावा लागतो. फौजदारी कायद्याखाली वॉरंट हवे तर रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत. ते वॉरंट ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा घेऊन परत येते. शाळेच्या फीची तारीख काही थांबत नाही. कर्जाचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, मग नोकरदाराची पोटगी पहिल्याच आदेशात तशी का कापू नये? रोखीच्या धंद्यातल्यांना हे लागू पडणार नाही, हे मान्य. ज्याचे उत्पन्न खरोखर घटले, त्याला रक्कम कमी करून घेण्याचा अर्ज करता येतोच. त्याने परस्पर पैसे थांबवू नयेत.

– एक वाचक