आईसाठी दही शिजवताना

नाशिक रोड,
१८ जानेवारी

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

आईची विचारपूस केलीस, म्हणून आधी तिचंच लिहितो. दिवाळीनंतर तिचे उरलेसुरले दात काढले. कवळी बसायला अवकाश आहे, तोवर सगळं मऊच. पहिले पंधरा दिवस दहीभातावर निघाले. मग एके दिवशी तिनं ताट हळूच बाजूला सरकवलं. रागानं नव्हे, तिला जेवावंसंच वाटत नव्हतं. ते मला फार लागलं रे. जिच्या हातच्या कढीसाठी तू देवळालीहून सायकल हाणत यायचास, तिच्या ताटात रोज तेच! तेव्हापासून दह्याचं काय काय होतं ते करून बघतोय.

पहिली कढीच फुटली. आच मोठी ठेवून भाताकडे वळलो, तेवढ्यात वर कण आणि खाली पाणी. आई आतून म्हणाली, "बेसन आधी दह्यात घोटलंस का? आणि उकळी फुटेस्तोवर हात थांबवायचा नाही." आंबट दही एकदम तापलं की त्यातली प्रथिनं गोळा होऊन पाणी सुटतं, बेसन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. आता मंद आच, सतत ढवळणं आणि मीठ शेवटी. एवढं हाताला बसलं आणि बाकीचं सोपं झालं.

फोडणीचं दही तर पाच मिनिटांचं काम. तेलात जिरं, हिंग, ठेचलेला लसूण. लसूण बदामी झाला की गॅस बंद, मग चिमूटभर तिखट आणि तेल जरा निवल्यावर घोटलेलं दही. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून ठेवायची, दहा मिनिटांत मुरते. दह्यात ओट्सही भिजवून पाहिले, आईला ते रुचले नाहीत.

पण खरं कौतुक चक्क्याचं. रात्री दही पंच्यात बांधून नळाला टांगतो. सकाळी गाठ सोडली की कापडाची वीण चक्क्यावर उमटलेली असते. त्यात भाजलेलं बेसन, किसलेलं आलं, कोथिंबीर, मीठ घालून तेलाच्या हातानं टिक्क्या थापायच्या आणि तव्यावर थोड्या तेलात परतायच्या. उलटायची घाई करू नकोस, खालचा पापुद्रा धरल्याशिवाय त्या सुटत नाहीत. वरून खरपूस, आत लोण्यासारख्या. आईनं पहिली टिक्की नुसती जिभेनं दाबली, डोळे मिटले आणि दुसरीसाठी ताट पुढे केलं. वसंता, त्या दिवशी मी पोटभर जेवलो. चक्क्याचं पाणी कणकेत घालतो, पोळ्या मऊ होतात.

आणि गोडाचं सांगायचं राहिलंच. आपल्याकडे बेदाण्यांना काय तोटा! अर्धा लिटर दुधाला मूठभर धुतलेले बेदाणे आणि चमचाभर विरजण. दूध बोटाला सोसेल इतपत कोमट हवं, फार गरम असलं तर विरजण मरतं आणि गार असलं तर दही लागत नाही. यंदा थंडी कडक आहे, निफाडचा पारा तर तू पेपरात वाचतच असशील. म्हणून पातेलं आईच्या जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतो. सकाळी बेदाणे टम्म फुगलेले, दही सुरीनं कापावं असं, आणि साखरेची गरजच नाही. आई गॅलरीतल्या उन्हात बसून वाटी निपटून खाते.

आता ताकातली उकड करायची आहे. तुझ्या घरची उकड आईला अजून आठवते. तांदळाच्या पिठाला ताक किती घ्यायचं, आणि मिरची वाटून घालायची की फोडणीत, ते काकूंना विचारून लगेच कळव. आईनं कालच पीठ दळून आणायला लावलंय.

तुझा,
दिनू