मेरीचा वाटा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तपासणी न करता अहवालावर सही करणार नाही, वेळ आली तर राजीनामा देईन, असं तू फोनवर म्हणालास आणि माझा ऊर भरून आला. तुझ्या बाबांनीही हेच केलं असतं. पण ओघात बायकोबद्दल 'तिला अजून नीट सांगितलेलं नाही' असंही म्हणालास, ते मात्र मला खटकलं. फोनवर तू घाईत असतोस, म्हणून लिहून कळवते आहे.

हल्ली मी इंग्लंडमधल्या व्हर्नी घराण्याबद्दल वाचते आहे. बकिंगहॅमशरमधल्या क्लेडनच्या वाड्यात त्यांची ३०,०००हून अधिक पत्रं जपून राहिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची सख्खी बहीण पुढे या घरची सून झाली, तिने ती पत्रं वाचून लावायला घेतली. आपल्याला आज जे कळतं ते त्यामुळे.

घरचा थोरला राल्फ व्हर्नी, जन्म १६१३चा. राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा हा खासदार पार्लमेंटच्या बाजूने, आणि वडील राजाचे निशाणदार. २३ ऑक्टोबर १६४२ रोजी एजहिलच्या लढाईत वडील निशाण हातात असताना मारले गेले. पुढच्या वर्षी पार्लमेंटने स्कॉटलंडशी करार केला आणि चर्चची व्यवस्था बदलण्याची शपथ खासदारांवर घातली. राल्फच्या मनाला ते पटेना. आपल्याच पक्षाची शपथ, तरी त्याने नाकारली आणि तो फ्रान्सला निघून गेला. खासदारकी गेली, क्लेडनची जमीन जप्त झाली. राल्फबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते.

पण मला तुला सांगायचंय ते त्याच्या बायकोबद्दल. मेरी तेरा वर्षांची असताना या घरात लग्न होऊन आली, माहेरी आईवडील नव्हते. नवऱ्याबरोबर तीही परदेशी गेली. दोन मुलं बरोबर नेली, धाकटा जॅक क्लेडनलाच राहिला. जप्ती उठवायची तर कुणीतरी लंडनला जाऊन खेटे घालायला हवे होते. राल्फला परत जाणं धोक्याचं. मग १६४६च्या अखेरीस मेरी गेली, आणि ती गरोदर होती.

तिथे तिने ओळखी काढल्या, पार्लमेंटच्या लोकांच्या विनवण्या केल्या, समितीपुढे अर्ज चालवला. क्लेडनला गेली तर भिंतीआड लपवून ठेवलेल्या पिसांच्या गाद्या उंदरांनी कुरतडलेल्या, मांस भाजायच्या सळया गंजून गेलेल्या, जॅकचे पाय मुडदुसाने वाकलेले. हे सगळं तिने नवऱ्याला कळवलं. नवरा उलट पत्रात तक्रार करायचा, की माझ्या मुद्द्यांना तू उत्तरं देत नाहीस! ते वाचताना मला राल्फचा फार राग आला. मुलगा झाला तर नाव राल्फच ठेवायचं हा तिचा हट्ट, आणि माझं नाव सोडून काहीही ठेव हा त्याचा. १६४७ साली लंडनमध्ये मुलगा झाला आणि त्याचं नाव राल्फच ठेवलं गेलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते तान्हं बाळ गेलं. त्याच दिवसांत तिकडे फ्रान्समधल्या ब्ल्वा गावी मुलगी पेगही गेली, जेमतेम आठ-नऊ वर्षांची. राल्फला कळेना की ही बातमी मेरीला पोहोचवायची कशी. राल्फच्या डॉक्टर असलेल्या मामांकडून ती तिला कळली, आणि दोन दिवस, दोन रात्री ती भ्रमात होती. त्यानंतर पुन्हा उठून तिने काम पुरं केलं. जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली. जॅकला घेऊन ती फ्रान्सला परतली आणि १६५०च्या मे महिन्यात ब्ल्वाला वारली. वय ३४.

राल्फ १६५३ साली घरी आला. १६६१ साली त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली, पुढे तो पुन्हा पार्लमेंटवर निवडून आला. जॅक सीरियातल्या अलेप्पोला व्यापारात शिकून मोठा झाला. राल्फ १६९६ पर्यंत जगला, दुसरं लग्न त्याने केलं नाही. ब्ल्वाहून मेरीचा देह त्याने क्लेडनला आणवला होता. तिथल्या चर्चमध्ये आपल्या आईवडिलांबरोबर तिचंही स्मारक त्याने उभारलं.

शपथ नाकारायचं ठरवलं राल्फने, पण ते निभावलं मेरीने. मेरी तेव्हा काय म्हणाली असेल, हे मला पुन्हापुन्हा वाटत राहतं. तुझ्या घरातही पदरात आठ महिन्यांचं लेकरू आहे, घराचा हप्ता आहे, आणि तुझा पगार थांबला तर सगळा भार तिच्या एकटीच्या पगारावर येणार आहे. तू सही करू नकोस, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण राजीनामा पाठवण्याआधी एक अख्खी संध्याकाळ तिच्याजवळ बस. बँकेतली शिल्लक, हप्ते, विम्याचे कागद तिच्यापुढे ठेव आणि ती काय म्हणते ते मधे न बोलता ऐक. ती थोडं थांबायला म्हणाली तर थांब, तोवर अहवाल तसाच बिनसहीचा राहू दे.

बाबांचं आणि माझं बोलणं झालंय. लागेल तेवढे महिने मी तिकडे येऊन राहीन, बाळाचं सगळं मी बघेन. मात्र मी यावं की नाही हे तिने ठरवायचं. तिलाच मला फोन करायला सांग.

तुझी
आई