कारागिरांनी साइटवर भांडण्याआधी चहाला भेटावं

संपादक, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत राहतो, आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केला आणि गेली २२ वर्षं वायरिंगची कामं करतोय. उद्योजकांच्या मेळाव्यांच्या बातम्या पेपरात वाचतो, पण हाताने काम करणाऱ्यांचं असं काही का नाही हे खूप दिवस डोक्यात होतं.

मागच्या वर्षी पाथर्डी फाट्याला एका फ्लॅटचं काम होतं. बाथरूममध्ये गीझरचा पॉइंट काढला, भिंतीत पाइप टाकून झिरी बुजवली, वायरी ओढल्या, वर टाइल लागली, आणि नंतर प्लंबरने टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारलं ते बरोबर माझ्या पाइपातून गेलं. चार टाइल फोडाव्या लागल्या, त्या डिझाइनच्या टाइल दुकानात शिल्लक नाहीत, मालकाने दोघांचेही पैसे कापले. महिनाभर एकाच घरात काम करत होतो आम्ही, पण एकमेकांचा नंबरसुद्धा नव्हता. झिरी बुजवायच्या आधी भिंतीला टेप लावून एक फोटो त्याला पाठवला असता तर काहीच झालं नसतं. आता प्रत्येक भिंतीचा पाठवतो.

त्याच प्लंबरला धरून आम्ही ग्रुप सुरू केलाय. आज नऊ जण आहोत, सुतार, फॅब्रिकेशनवाला, टाइलवाला मिस्त्री, पेंटर, पीओपीवाला असे. मंगळवारी सकाळी साडेसातला त्रिमूर्ती चौकाजवळ टपरीवर भेटतो, कारण नऊनंतर जो तो आपल्या साइटवर. कुणाकडे काय काम चालू आहे, कुठल्या गिऱ्हाइकाला पुढे कोण लागणार आहे, एवढंच बोलायचं.

अशा ग्रुपांची पद्धत जुनीच आहे. एकमेकांना कामं सुचवणाऱ्या व्यावसायिकांचं बीएनआय १९८५ साली अमेरिकेत सुरू झालं, आपल्याकडे माधवराव भिडेंनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब काढला. बीएनआयमध्ये एका धंद्याचा एकच मेंबर असतो, ते आमच्यात जमत नाही. प्लंबर गावी गेला किंवा दुसऱ्या साइटवर अडकला तर गिऱ्हाइकाची टाकी वाहतच राहील का? म्हणून आम्ही एका कामाचे दोन जणही घेतो. दोघं भांडतील अशी भीती होती, पण आता एकाला जमत नसेल तर तो स्वतःच दुसऱ्याला फोन लावतो.

कमिशनवरून मात्र बराच वाद झाला. एकाचं म्हणणं, काम दिलं की दहा टक्के मिळायला पाहिजेत. मी ठाम नाही म्हटलं, कारण ते दहा टक्के शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलातच चढतात. त्यापेक्षा ज्याचं नाव सुचवायचं त्याचं पूर्ण झालेलं एक काम आधी डोळ्यांनी बघून यायचं असं ठरवलं. मी पाठवलेल्या माणसाने केलेला नळ गळला तर फोन मलाच येतो ना!

मुलीला घेऊन पांडवलेणीला गेलो होतो, तिथे एक गोष्ट कळली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या शिलालेखात लिहिलंय की क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले, २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० पाऊण टक्क्याने. दुसऱ्या एका लेखात कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रं करणाऱ्या कारागिरांच्या श्रेणींकडे आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेल्या पैशाची नोंद आहे. म्हणजे याच नाशकात कारागिरांच्या संघटनेवर बँकेसारखा विश्वास होता! प्लंबरला सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग पुढच्या मंगळवारी सगळ्यांना त्यानेच ते सांगितलं.

कारागिरांसाठीच्या सरकारी पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ धंद्यांत सुतार, लोहार, गवंडी आहेत, पण वायरमन, प्लंबर नाहीत, त्यामुळे आमच्यासाठी कुणी काही करेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरापोरींनी जरूर यावं, त्यांना पहिलं काम मिळणंच सगळ्यात अवघड असतं. आणि पावसाळ्यात टपरीवर बसता येत नाही, तर सिडकोतल्या एखाद्या शाळेने किंवा समाजमंदिराने मंगळवारी सकाळी तासभर एक खोली दिली तर हवीय. भाडं देऊ, आणि तिथले बंद पडलेले पंखे, गळके नळ आम्हीच बघू.

— एक इलेक्ट्रिशियन, सिडको, नाशिक