गोठ्यापर्यंत पोहोचणारे दान

मृत्युपत्रातून दान करण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख पटला. फक्त त्यात शाळा, रुग्णालये, मंदिरे आली आणि जनावरांचे दवाखाने राहून गेले. परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून पत्नी साकरबाईंच्या नावे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

२०२२ च्या लम्पी या त्वचारोगाच्या साथीत आमची गाय अंगभर गाठी घेऊन तीन दिवस उभीच होती. बसवतच नव्हते तिला. तेव्हा खास लम्पीची लस बाजारात नसल्याने शेळ्यांच्या देवी रोगाची लस गाईंना टोचावी लागली. अशा लसींच्या संशोधनाचा भार एकट्या सरकारवर का? नाशिकमध्ये गोशाळेला चारा देणारे दाते पुष्कळ आहेत. त्यांनी पशुवैद्यकीच्या एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्तीही मृत्युपत्रात लिहावी.

— एक पशुपालक, सिन्नर (जि. नाशिक)